पायथन एक, मशीनं छप्पन्न : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे आपला कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, आतून कसा चालतो त्यावर लिहिलं होतं, आणि त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येत होते, की लिनक्सवर मस्त चालतं मग विंडोजवर का बोंबलतं. म्हणून यावेळी फक्त तेच घेतलंय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, काही थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात पायथन सगळीकडे सारखंच चालतं. पण डाउनलोड करताना तर विंडोजचं वेगळं, मॅकचं वेगळं. मग आत विंडोजसाठी वेगळी टीम वेगळा पायथन लिहिते का? की सोर्स कोड एकच असतो?
— एक विद्यार्थी, सांगली

सोर्स कोड एकच असतो. तुम्ही जे वापरता ते सीपायथन, म्हणजे सी मध्ये लिहिलेला इंटरप्रिटर, त्याचा रेपो, म्हणजे सगळा कोड ठेवायची जागा, एकच आहे, आणि त्याच कोडमधून लिनक्सचं, विंडोजचं, मॅकचं, आता तर अँड्रॉइड आणि आयओएसचंसुद्धा बिल्ड निघतं. वेगळं जे आहे ते कोपऱ्यात ढकललेलं आहे. रेपो उघडून बघा एकदा, भाषेचं खरं काम, म्हणजे पार्सर, कंपायलर, लिस्ट-डिक्ट वगैरे ऑब्जेक्ट, यात ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव फारसं दिसणारच नाही. पण थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकावेळी चालणाऱ्या कामांचा विषय आला की एक फाइल पीथ्रेडवाल्यांसाठी म्हणजे लिनक्स-मॅकसाठी आणि दुसरी एनटी म्हणजे विंडोजसाठी, बाहेरची लायब्ररी रनटाइमला लोड करायची तर तिथेही तसंच, आणि विंडोजच्या बिल्डचं सगळं सामान पीसी आणि पीसीबिल्ड नावाच्या दोन फोल्डरमध्ये.

सगळ्यात कुप्रसिद्ध फाइल म्हणजे मॉड्यूल्स फोल्डरमधली पॉसिक्समॉड्यूल डॉट सी. १५ हजारांहून जास्त ओळींची आहे. तुम्ही ओएस मॉड्यूल इंपोर्ट करता ना, त्याच्या पोटात हीच. लिनक्सवर हिच्यातून पॉसिक्स नावाचं मॉड्यूल बनतं, विंडोजवर हीच फाइल एनटी नावाने बनते, आणि मध्ये पानोपानी इफडेफ, म्हणजे कंपाइल करतानाच तपासायच्या अटी, हे असेल तर असं, नसेल तर तसं. वाचायला सुंदर वगैरे अजिबात नाही, पण सगळी घाण एका खोलीत ठेवलीये म्हणून बाकी घर स्वच्छ राहिलंय.

आता इथे एक गोष्ट नीट बघा. त्या इफडेफमध्ये बऱ्याचदा “लिनक्स आहे का” असं विचारलेलं नसतं, “फोर्क आहे का” असं विचारलेलं असतं (फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची नक्कल काढायची सोय). ती माहिती आणतं कॉन्फिगर नावाचं स्क्रिप्ट. बिल्ड सुरू करायच्या आधी ते मशीनसमोर कांदेपोह्याच्या कार्यक्रमाला आल्यासारखं बसतं आणि एकेक विचारत जातं, फोर्क येतं का, पोल येतं का, लाँग किती बाइटचा, बाइटची ऑर्डर कुठली. प्रत्येकासाठी छोटासा सी प्रोग्राम कंपाइल करून बघतं आणि उत्तरं एका हेडर फाइलमध्ये लिहून ठेवतं. याचा फायदा असा की उद्या कोणी एखादी नवीनच युनिक्ससारखी सिस्टिम आणली, जिचं नावसुद्धा पायथनवाल्यांनी ऐकलेलं नाही, तरी तिच्यात फोर्क असेल तर कोड आपोआप लागू पडतो. विंडोजवर कॉन्फिगर चालत नाही, तिथली हेडर फाइल माणसं हाताने सांभाळतात.

आणि जाता जाता एक गंमत. मॅकवर सोर्समधून पायथन बिल्ड केलंत तर त्या फोल्डरमध्ये पायथन डॉट ईएक्सई नावाची फाइल तयार होते. मॅकवर! कारण काय, तर सोर्समध्ये कॅपिटल पीचं पायथन नावाचं फोल्डर आधीच आहे, आणि मॅकची फाइलसिस्टिम नेहमीच्या सेटिंगला कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाही, मग त्याच जागी स्मॉल पीची पायथन नावाची फाइल बनवणार कशी, म्हणून डॉट ईएक्सई चिकटवलं. इन्स्टॉल केल्यावर नाव नीट होतं. पहिल्यांदा बघणारा हमखास डोकं खाजवतो.

प्रश्न : माझ्याकडे गावांच्या नावांची एक टेक्स्ट फाइल आहे, मराठीत. लिनक्सवर प्रोग्राम बरोबर चालतो. ऑफिसच्या विंडोजवर एका फाइलला चारमॅप कोडेक असा काहीतरी एरर येतो, आणि दुसऱ्या फाइलला एरर येत नाही पण कचरा छापला जातो. हा पायथनचा बग आहे का? कुठे रिपोर्ट करू?
— एक वाचक, नाशिक

रिपोर्ट करू नका, त्यांना माहितीये, वर्षानुवर्षं माहितीये. पण प्रश्न इतका छान आहे की जरा पसरून उत्तर देतो.

फाइल उघडताना तुम्ही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, सांगितलं नाही, की पायथन सिस्टिमला विचारतो इथे काय चालतं. लिनक्स आणि मॅक म्हणतात यूटीएफ-८. आपल्याकडचं इंग्लिश-इंडियावालं विंडोज जुन्या सवयीने म्हणतं कोडपेज १२५२, जे पश्चिम युरोपच्या भाषांसाठी बनलेलं. तुमची फाइल यूटीएफ-८ मध्ये, वाचणारा १२५२ च्या चष्म्यातून वाचतोय.

मग एका फाइलला एरर आणि दुसरीला कचरा असं का? तर १२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत, त्यांना कुठलंच अक्षर दिलेलं नाही. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत, सांगायचं तर ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, आणि पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट येतो ८१, हलंताचा ८डी, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे फाइलमध्ये ‘पुणे’ असेल तर पहिल्या उकारावर पायथन अडकणार आणि एरर देणार. ‘कोल्हापूर’ला जोडाक्षरातल्या हलंतावर अडकणार. ‘मुंबई’ही गेली. पण ‘नागपूर’ आणि ‘सातारा’ यांच्यात या पाचातला एकही बाइट नाही, त्यामुळे ती फाइल बिनबोभाट वाचली जाते आणि तुम्हाला à¤ टाइपचा कचरा मिळतो. माझं मत विचाराल तर पुण्याची फाइल बरी, निदान ओरडते तरी. नागपूरची फाइल गुपचूप डेटाबेसमध्ये कचरा भरून मोकळी होईल आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येईल.

उपाय सोपा, ओपन करताना दरवेळी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहायचं, लिनक्सवर गरज नसली तरी लिहायचं. पूर्ण प्रोग्रामलाच लावायचं असेल तर PYTHONUTF8 हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, ते पायथन ३.७ पासून आहे. आणि ३.१० पासून अशी सोय आहे की कुठे कुठे एन्कोडिंग न सांगता फाइल उघडलीये त्याची वॉर्निंग मिळते, मोठा जुना कोड असेल तर ती चालू करून बघाच.

आता तुम्ही म्हणाल, मग पायथनवाल्यांनीच सगळीकडे यूटीएफ-८ करून का नाही टाकलं? इथेच खरी मेंटेनन्सची दुखरी नस आहे. जगात असे भरपूर लोक आहेत ज्यांच्या विंडोजवर जुन्या लोकल एन्कोडिंगमधल्या फाइली आहेत, जपानमध्ये वगैरे तर ढिगाने, आणि त्यांचे प्रोग्राम आज नीट चालतात ते याच डीफॉल्टमुळे. तुमच्यासाठी जो बग तो त्यांच्यासाठी चालू व्यवहार. म्हणून हे टप्प्याटप्प्याने केलं, ३.६ मध्ये विंडोजचा कन्सोल आणि फाइलींची नावं यूटीएफ-८ वर आणली, ३.७ मध्ये ते वरचं व्हेरिएबल दिलं, ३.१० मध्ये वॉर्निंग, आणि ३.१५ पासून डीफॉल्टच यूटीएफ-८ करायचं ठरवलंय. एवढ्या एका ओळीच्या बदलाला इतकी वर्षं. ती ओळ बदलायला मिनिट लागतं, ज्यांचं मोडणार आहे त्यांना सावरायला वेळ द्यायला लागतो.

प्रश्न : लिनक्सवर लिहिलेल्या स्क्रिप्टमधलं फाइलचं रीनेम विंडोजवर एरर देतं, आणि मल्टिप्रोसेसिंगचा, म्हणजे एकावेळी अनेक प्रोसेस चालवणारा प्रोग्राम तर रनटाइम एरर देऊन मरतो. इंटरप्रिटरने हे फरक झाकायला नकोत का?
— एक वाचक, औरंगाबादहून

काही झाकतो, काही मुद्दाम झाकत नाही, आणि कुठे थांबायचं हा निर्णय दरवेळी वादाचा असतो.

रीनेमचं असं की त्या नावाची फाइल आधीच असेल तर लिनक्स ती गुपचूप बदलून टाकतो, विंडोज नाही म्हणतो. पायथनचं रीनेम हे सिस्टिमच्या कॉलवरचं पातळ कव्हर आहे, त्यामुळे जसं तिथे तसं इथे. जुनी वागणूक बदलली असती तर कुणाचा तरी प्रोग्राम मोडला असता, मग ३.३ मध्ये रिप्लेस नावाचं वेगळं फंक्शन दिलं, ते दोन्हीकडे सारखं वागतं. तेच वापरा.

मल्टिप्रोसेसिंगमध्ये झाकायला जागाच नाही. लिनक्सवर फोर्क आहे, चालू प्रोसेसची आख्खी नक्कल निघते. विंडोजवर फोर्क नाहीच, तिथे नवा पायथन सुरू होतो आणि तुमची फाइल पुन्हा इंपोर्ट करतो, मग त्या फाइलमध्ये “मेन असेल तरच” (if __name__ == '__main__':) ही अट नसेल तर तोही नवीन प्रोसेस काढायला जातो, म्हणून पायथन एरर देऊन थांबवतो. ती अट टाका, सुटेल. मॅकवर ३.८ पासून विंडोजसारखीच पद्धत डीफॉल्ट केली कारण फोर्क तिथे क्रॅश करत होता, आणि ३.१४ मध्ये लिनक्सवरही थेट फोर्क सोडलं. म्हणजे शेवटी फरक झाकला नाही, सगळ्यांनाच कडक नियमाकडे नेलं.

टाइम मॉड्यूलमधलं क्लॉक आठवतंय कुणाला? युनिक्सवर ते सीपीयूचा वेळ द्यायचं, विंडोजवर भिंतीवरच्या घड्याळाचा. एकच नाव, दोन अर्थ. ३.३ मध्ये जुनाट ठरवलं, ३.८ मध्ये काढून टाकलं. बरं झालं गेलं ते.

प्रश्न : आमच्या कंपनीत बिझनेस रूल लिहायला एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा आहे, तिचा इंटरप्रिटर सी मध्ये, दहा-बारा वर्षं जुना, आजवर फक्त इंटेल लिनक्सवर चालला. आता सर्व्हर एआरएमवर, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चाललेत आणि एका क्लायंटला विंडोज डेस्कटॉपवर पण पाहिजे. टीममधले सीनिअर जिथे मोडेल तिथे इफडेफ टाकत सुटलेत. मला हे पटत नाहीये पण नक्की काय करायला पाहिजे ते सांगता येत नाही. मार्गदर्शन करा.
— एक वाचक, पुणे

तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. आधी काय काय मोडणार ते सांगतो, मग इफडेफचं बोलू, कारण यातल्या निम्म्या गोष्टींना इफडेफ लागतच नाही, कोड मुळात चुकीचा होता आणि इंटेल लिनक्सने सांभाळून घेतला एवढंच.

पहिला कॅर, म्हणजे सी मधला एका बाइटचा अक्षराचा टाइप. साधा कॅर साइन्ड (उणे आकडे धरणारा) की अनसाइन्ड (न धरणारा) हे कंपायलरवर सोडलंय. इंटेल लिनक्सवर साइन्ड, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड, आणि ॲपलच्या एआरएमवर परत साइन्ड, म्हणजे “एआरएम असेल तर” अशी अट टाकूनही फसाल. तुमच्या लेक्सरमध्ये, म्हणजे कोडचे शब्द सुटे करणाऱ्या भागात, नक्की कुठेतरी कॅरॅक्टर थेट टेबलचा इंडेक्स म्हणून वापरला असेल. इंग्रजी अक्षरांना काही होत नाही, ती सगळी १२७ च्या आत. पण कुणी रूलमध्ये मराठी स्ट्रिंग लिहिली की पहिला बाइट ई० हेक्स, साइन्ड असेल तर तो होतो उणे ३२, आणि तुम्ही टेबलच्या मागची मेमरी वाचताय. टेस्ट सगळ्या इंग्रजीत असतात म्हणून वर्षानुवर्षं हे सापडत नाही. उलट बाजूने, फाइलमधून वाचलेलं कॅरॅक्टर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, उणे एक) तुलना केली असेल तर इंटेलवर चालतं आणि एआरएम लिनक्सवर लूप संपतच नाही, कारण अनसाइन्ड कॅर कधी उणे एक होत नाही. इलाज, वाचलेलं इंटमध्ये घ्या, इंडेक्स करताना अनसाइन्ड कॅरमध्ये बदला. शून्य इफडेफ.

दुसरा लाँग, सी मधला पूर्णांकाचा टाइप. ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट, ६४ बिट विंडोजवर ४ बाइट. रूलमध्ये रकमा पैशात ठेवून लाँगमध्ये साठवत असाल तर विंडोजवर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपयांच्या पुढे गाडी उलटी जाणार. क्लायंट कोण आहे त्यावर हा बग पहिल्या दिवशी सापडेल की वर्षअखेरीस ते ठरेल. पायथन २ सुद्धा यात अडकला होता, ६४ बिट विंडोजवरही त्याचा सर्वात मोठा साधा इंट २१४७४८३६४७ एवढाच होता. आणि लांबी-साइझसाठी इंट वापरल्याने दोन जीबीच्या पुढच्या गोष्टी हाताळता येईनात, तेव्हा २.५ मध्ये त्यांनी साइझसाठी स्वतःचा वेगळा टाइप काढला आणि संपूर्ण सोर्समध्ये आणि सी एपीआयमध्ये तो लावत बसले, बाहेरच्या एक्स्टेन्शनवाल्यांनाही बदलायला लागलं. तुमचा कोड लहान आहे, आत्ताच रकमेसाठी इंट६४-टी आणि साइझसाठी साइझ-टी करून टाका.

तिसरं, बाइटकोड फाइल, म्हणजे कंपाइल केलेले रूल साठवलेली फाइल. स्ट्रक्ट (मेमरीतला डेटाचा गठ्ठा) जसंच्या तसं डिस्कवर लिहून ठेवलंय का बघा. असेल तर पॅडिंग, साइझ, बाइट ऑर्डर सगळंच मशीनच्या मर्जीवर. पायथन आपल्या पीवायसी, म्हणजे बाइटकोडच्या फाइलीत आकडे एकेक बाइट करून ठरलेल्या क्रमाने लिहितो, मशीन कुठलंही असो. लुआ ही अशीच छोटी स्क्रिप्टिंग भाषा, तिची ५.४ आवृत्ती दुसरा मार्ग घेते, बाइटकोड पोर्टेबल असल्याचा दावाच करत नाही, पण फाइलच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये ५६७८ हेक्स हा इंटिजर आणि ३७०.५ हा फ्लोट लिहून ठेवतं, लोड करताना ते तसेच वाचता आले नाहीत तर फाइल नाकारतं. दोन्ही चालतं. काहीच न तपासता वाचायचं हे चालत नाही. आणि विंडोजवर ती फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, नाहीतर मध्येच १ए हेक्सचा बाइट आला की टेक्स्ट मोडला वाटतं फाइल संपली. लिनक्सवर बायनरीचा बी लिहिला काय न लिहिला काय फरक पडत नाही म्हणून लोक विसरतात.

साइन्ड ओव्हरफ्लो आणि दशांश चिन्ह हे दोन पटकन. साइन्ड आकडा ओव्हरफ्लो झाला, म्हणजे त्या टाइपमध्ये मावला नाही, की सी म्हणतं काहीही होऊ शकतं, आणि नवा कंपायलर तुमची ओव्हरफ्लोची चेकच उडवून टाकू शकतो, तर चेक बेरीज करायच्या आधी करा. आणि स्ट्रिंगमधून फ्लोट करणारं स्टँडर्ड फंक्शन लोकेल, म्हणजे देश-भाषेचं सेटिंग बघतं, क्लायंटच्या डेस्कटॉप ॲपने जर्मन लोकेल सेट केलं असेल (तिथे दशांशाला स्वल्पविराम) तर ३.१४ या आकड्याचे ३ होतील. पायथन यासाठी स्वतःचाच कोड बाळगून आहे.

आता इफडेफ. एवढं सगळं निस्तरल्यावर जे उरेल ते खरंच प्लॅटफॉर्मचं, म्हणजे लायब्ररी लोड करणं, थ्रेड, घड्याळ, फाइलचे पाथ. यासाठी एक हेडर करा ज्यात तुमच्या इंटरप्रिटरला काय काय हवंय तेवढीच फंक्शनं, आणि प्रत्येक सिस्टिमची एक फाइल. बाकी कुठल्याही फाइलीत विंडोज हा शब्द दिसला की रिव्ह्यूमध्ये परत पाठवायचं. लुआचा सोर्स वाचा, अंदाजे ३० हजार ओळी सी, रिओ द जानेरोच्या एका युनिव्हर्सिटीत १९९३ पासून सांभाळलेला. त्यांनी तर हट्टच धरला की गाभा फक्त स्टँडर्ड सी मध्ये. फोल्डरमधल्या फाइलींची यादी द्यायचं फंक्शनसुद्धा लुआच्या स्टँडर्ड लायब्ररीत नाही, कारण स्टँडर्ड सी मध्ये तेही नाही. वापरणाऱ्याला हे टोचतं, खोटं कशाला बोला, पण त्यामुळेच ती भाषा गेममध्ये, राउटरमध्ये, कुठेही जाऊन बसते. आणि जे बदलायचं ते लुआकॉन्फ नावाच्या एका हेडरमध्ये. तुमच्या कामाला पायथनपेक्षा हे उदाहरण जास्त जवळचं आहे.

सीनिअरांशी भांडण कसं करायचं, तर करू नका. एक सीआय, म्हणजे आपोआप बिल्ड-टेस्ट करणारी व्यवस्था लावा ज्यात प्रत्येक कमिट इंटेल लिनक्स, एआरएम लिनक्स आणि विंडोज तिन्हीकडे बिल्ड होऊन टेस्ट होईल, वर सॅनिटायझर (मेमरीच्या वगैरे चुका पकडणारं टूल) लावून एक बिल्ड, आणि जमलं तर क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) एस३९०एक्स या आयबीएम मेनफ्रेमचं एक बिग-एंडियन, म्हणजे उलट बाइट ऑर्डरचं मशीन, तुमचा एकही क्लायंट ते वापरत नसला तरी. टेस्टमध्ये मराठी स्ट्रिंग घाला. लाल दिवे लागले की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे, तिथे पायथन ३.८ च्या पुढचं इन्स्टॉलच होत नाही. चालणारं मशीन असं वाऱ्यावर सोडणं हा अन्याय नाही का? कोड तर आधी होताच ना, काढला कशाला?
— एक प्राध्यापिका, लातूर

मॅडम, वैताग समजतो, लॅबचं बजेट कसं मिळतं तेही माहितीये. पण कोड होता म्हणून तो फुकट राहतो असं नाही.

पायथनचा विंडोजचा नियम लिहून ठेवलेला आहे, पेप ११ नावाच्या डॉक्युमेंटमध्ये. नवी आवृत्ती येते त्या वेळी मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला स्वतः एक्स्टेंडेड सपोर्ट देतंय तेवढीच घ्यायची. विंडोज ७ चा तो सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ३.९ आलं ऑक्टोबर २०२० मध्ये. म्हणून ३.८ शेवटचं. एक्सपीचं ३.४ वर असंच झालं होतं.

त्याच डॉक्युमेंटमध्ये आता सपोर्टच्या तीन टिअर, म्हणजे पायऱ्या आहेत. पहिल्या टिअरमध्ये ६४ बिट इंटेल लिनक्स, विंडोज, ॲपल सिलिकॉनवाले मॅक अशी मंडळी, तिथे काही मोडलं तर रिलीज अडतं आणि जबाबदारी सगळ्या कोअर डेव्हलपरांची. दुसऱ्या टिअरला किमान दोन कोअर डेव्हलपरांनी नाव द्यायला लागतं, मोडलं तर २४ तासांत दुरुस्त करा नाहीतर तो बदल मागे घ्या. तिसऱ्याला किमान एक डेव्हलपर आणि एक भरवशाचं बिल्डबॉट, म्हणजे ते खरं मशीन जे कोड ओढून सतत टेस्ट चालवतं, पण मोडलं तरी रिलीज थांबत नाही. अँड्रॉइड आणि आयओएस ३.१३ पासून या तिसऱ्यात आलेत. यात कुठेही “कोड लिहून झालाय का” असा प्रश्न नाही बघा. प्रश्न एवढाच की नाव कोणाचं आणि मशीन कुठे. ज्याच्यामागे माणूस नाही तो कोड कोणी चालवून बघत नाही, पण बाजूचं काही बदलताना त्याच्याभोवतीने जावं मात्र लागतं. आयबीएमच्या ओएस/२ या जुन्या सिस्टिमचा कोड असाच ३.३ मध्ये असमर्थित जाहीर केला आणि ३.४ मध्ये उपटून टाकला. ३.७ मध्ये तर ज्या सिस्टिमवर थ्रेडच नाहीत त्यांनाच रामराम केला, केवढे इफडेफ गेले त्यात.

उलटा स्वभाव पर्लचा. १९८७ ची भाषा, जुनं काही टाकायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. सोर्समध्ये हिंट्स नावाचं फोल्डर आहे, एकेका ऑपरेटिंग सिस्टिमची एकेक फाइल, त्यातली कित्येक नावं आजच्या मुलांनी ऐकलेली नसतील. व्हीएमएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची सोय आहे, आयबीएम मेनफ्रेमच्या एबसीडिक या एन्कोडिंगचीही आहे, जिथे ए ते झेड ही अक्षरं ओळीने येतातच असं नाही. त्यांचं कॉन्फिगर तर बिल्ड करताना अभिनंदन करायचं, की तुम्ही युनिस चालवत नाही! युनिस म्हणजे व्हीएमएसवर युनिक्सचं सोंग आणणारं एक जुनं प्रकरण. मजा वाटते वाचायला, पण ते सगळं सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात, आणि म्हणून मला पायथनवाल्यांचा कोरडेपणा जास्त प्रामाणिक वाटतो.

लॅबचं म्हणाल तर ३.८ ला पण ऑक्टोबर २०२४ पासून सिक्युरिटी अपडेट बंद आहेत, त्यात अडकू नका. त्याच मशीनवर हलकं लिनक्स टाका, प्रोसेसर ६४ बिट असेल तर आजचं पायथन आरामात चालेल. मुलांना पहिल्याच वर्गात इफडेफ न शिकवता प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते कळेल.

प्रश्न : पिप इन्स्टॉल केलं की मधूनच व्हिज्युअल सी++ पाहिजे म्हणून एरर येतो. सीनिअर सांगतात त्यांच्या वेळी व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट सापडत नाही असा यायचा. एकच भानगड का?
— एक वाचक, ठाणे

एकच. त्या पॅकेजमध्ये सी कोड आहे, तुमच्या पायथनसाठी तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, मिळालं नाही म्हणून पिप (पायथनची पॅकेजं टाकणारं टूल) तिथेच कंपाइल करायला बसला, आणि कंपायलर नाही. पूर्वी जास्त वाईट होतं, २.७ ला व्हिज्युअल स्टुडिओ २००८ च लागायचा, ३.३ आणि ३.४ ला २०१०, कारण सी रनटाइम, म्हणजे सी प्रोग्रामला चालताना लागणारी लायब्ररी, प्रत्येक कंपायलरचं वेगळं. ३.५ पासून विंडोजचं युनिव्हर्सल रनटाइम वापरायला लागले तेव्हा ही कटकट संपली. आता बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की तुम्ही कालच आलेलं पायथन टाकलंय आणि पॅकेजवाल्याने त्याचं व्हील अजून बनवलेलं नाही. एक आवृत्ती मागे या.

प्रश्न : मला पायथनच्या सोर्समध्ये काँट्रिब्यूट करायचंय पण माझ्याकडे फक्त विंडोज लॅपटॉप आहे. सगळे म्हणतात आधी लिनक्स टाक. खरंच गरज आहे का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

अजिबात नाही, उलट तुमच्याकडे जे आहे तेच तिथे कमी पडतं. बरेचसे काँट्रिब्यूटर लिनक्स नाहीतर मॅकवाले, विंडोजवरचा बग समोर आला की “माझ्याकडे होत नाही” म्हणून पडून राहतो. गिटहबवर इश्शूंना ओएस-विंडोज असं लेबल असतं, ते लावून शोधा, आणि सुरुवातीला दुरुस्ती नको, फक्त एखादा जुना बग आजच्या मेन ब्रँचवर अजून होतो का ते करून बघा आणि विंडोजची नेमकी आवृत्ती, पायथनची आवृत्ती, काय टाइप केलं, काय आलं एवढं नीट लिहा. याला खूप किंमत आहे.

बिल्डसाठी व्हिज्युअल स्टुडिओ लागेल, त्यात सी++ डेस्कटॉपवाला भाग निवडा, मग पीसीबिल्ड फोल्डरमधलं बिल्ड डॉट बॅट चालवायचं. पहिल्यांदा ते ओपनएसएसएल वगैरे बाहेरच्या गोष्टी नेटवरून आणतं, तेव्हा मोबाइलचा डेटा असेल तर जरा जपून. नंतर टेस्ट, सगळ्या चालवत बसू नका, तुम्ही हात लावला त्या मॉड्यूलच्याच आधी.

पॅच पाठवलात की तिकडे लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे आपोआप टेस्ट चालतात, तेव्हा लिनक्स नसल्याने अडत नाही. फक्त दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या एडिटरने ओळींचे शेवट विंडोजचे करून टाकले नाहीत ना, नाहीतर एक ओळ बदललीत आणि डिफमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, आख्खी फाइल बदललेली दिसेल. दुसरं, कॉन्फिगर ही फाइल हाताने एडिट करायची नाही, ती कॉन्फिगर डॉट एसी मधून तयार होते, आणि तीही ऑटोकॉन्फ या टूलच्या ठरलेल्या आवृत्तीनेच करायची असते, दुसऱ्या आवृत्तीने केली तर तुमच्या दोन ओळींच्या बदलासोबत शेकडो ओळींचा गाळ जातो आणि रिव्ह्यू करणारा पहिलं तेच काढायला सांगतो. त्यासाठी त्यांनी कंटेनर देऊन ठेवलाय. पण पहिल्या पॅचमध्ये तुमचा त्या फाइलशी संबंध येऊ नये हेच बरं, एखादी विंडोजवर स्किप केलेली टेस्ट शोधा आणि ती का स्किप केलीये ते आधी विचारा.